उबुंटू अपग्रेड केल्यावर व्हीएन्व्ह का बंद पडलं आणि आता काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात पार्टच्या तपासणीचे आकडे सीएसव्हीतून उचलून शिफ्टचा अहवाल काढणारा पायथनचा प्रोग्रॅम तुम्ही सांभाळता. तो लिहिणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला. पीसीवर उबुंटू २२.०४ होतं, ते २४.०४ केलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’ (पांडाज म्हणजे तक्त्यांचं काम करणारं पायथनचं पॅकेज). व्हीएन्व्ह, म्हणजे प्रोग्रॅमची पॅकेजं वेगळी ठेवणारं एन्व्हायर्नमेंट, अ‍ॅक्टिव्हेट होते, प्रॉम्प्टच्या आधी कंसात नावही दिसतं, पण पॅकेजं बसवणारं पिप चालवलं की ‘नो मॉड्यूल नेम्ड पिप’. डीअ‍ॅक्टिव्हेट करून बाहेरचं पिप वापरलं, तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून अडवलं. कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय जोडला, तर नंपाय (आकडेमोडीचं पॅकेज) १.२२.४ बांधताना ‘पीकेजीयुटिल’मध्ये ‘इम्पइम्पोर्टर’ नाही म्हणून थांबलं. शेवटी रिक्वायरमेंट्सच्या (लागणाऱ्या पॅकेजांच्या यादीच्या) फाइलमधले व्हर्जनचे आकडेच काढून टाकले. पॅकेजं बसली, पण आता प्रोग्रॅम म्हणतो डेटाफ्रेमला (पांडाजच्या तक्त्याला) ‘अपेंड’ नाही. आणि ऑफिसात सगळे म्हणतायत, फॉरमॅट मारा.

फॉरमॅट मारू नका. उबुंटू पुन्हा टाकलंत तरी २४.०४ बरोबर पायथन ३.१२च येणार, म्हणजे याच जागी परत येऊन उभे राहाल. तुम्हाला वेगवेगळे पाच एरर दिसतायत, पण कारण एकच आहे: प्रोग्रॅम ३.१०साठी बांधलेला आहे आणि चालवतोय त्याला ३.१२.

(कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाका.)

आधी व्हीएन्व्ह म्हणजे नेमकं काय ते बघा, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच असतो. लोकांना वाटतं, त्या फोल्डरमध्ये अख्खा पायथन भरून ठेवलेला असतो. तसं नसतं. त्यात फक्त पॅकेजं असतात. भाषा चालवणारा इंटरप्रिटर सिस्टिमचाच. आपल्याकडे द्राक्षाच्या बागेत डॉगरिजच्या खुंटावर थॉम्पसनचं कलम असतं, तसं हे आहे: पानं, घड सगळं कलमाचं, पण मूळ खुंटाचं. उबुंटूच्या अपग्रेडने तुमचा खुंट बदलला आणि कलमाला त्याचा पत्ताच नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये जाऊन ‘एलएस -एल व्हीएन्व्ह/बिन’ करा. तिथे ‘पायथन’ नावाची लिंक ‘पायथन३’कडे बोट दाखवते, ‘पायथन३’ ही ‘/युएसआर/बिन/पायथन३’कडे, आणि खाली ‘पायथन३.१०’ अशीही एक लिंक दिसेल, ती परत शेजारच्या ‘पायथन३’कडे. आता ‘व्हीएन्व्ह/बिन/पायथन३.१० --व्हर्जन’ चालवून बघा. उत्तर येईल ३.१२. नाव ३.१०, आत ३.१२. कारण अपग्रेडनंतर ‘/युएसआर/बिन/पायथन३’ ही स्वतःच ३.१२कडे जाणारी लिंक झाली, आणि तुमच्या फोल्डरमधली साखळी बिनबोभाट तिच्यामागे गेली.

मग ‘एलएस व्हीएन्व्ह/लिब’ करा. तिथे ‘पायथन३.१०’ नावाचं एकच फोल्डर असेल, आणि त्याच्या आत ‘साइट-पॅकेजेस’मध्ये पांडाज, नंपाय, पिप सगळं जिथल्या तिथे. काहीही पुसलं गेलेलं नाही. पायथन सुरू होताना शेजारी किंवा एक पायरी वर ‘पायव्हीएन्व्ह.सीएफजी’ ही फाइल आहे का बघतो. सापडली की स्वतःला एन्व्हायर्नमेंटमध्ये समजतो आणि पॅकेजं कुठे शोधायची तो मार्ग स्वतःच्या व्हर्जनच्या आकड्यावरून बनवतो. ३.१२ चालतोय म्हणून तो ‘लिब/पायथन३.१२/साइट-पॅकेजेस’ शोधतो. ते फोल्डरच नाही. म्हणून पांडाज नाही, आणि पिपसुद्धा नाही. सीएफजी फाइलमध्ये ‘व्हर्जन = ३.१०’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, पण ती नुसती नोंद आहे. सुरू होताना ती कुणी पडताळून बघत नाही. पडताळली असती तर एक सरळ एरर मिळाला असता आणि तुमचे दोन दिवस वाचले असते, असं माझं मत आहे.

प्रॉम्प्टमधल्या कंसातल्या नावावर तर अजिबात विसंबू नका. अ‍ॅक्टिव्हेट स्क्रिप्ट मुख्यतः एवढंच करते की पाथच्या (कमांड कुठे शोधायच्या त्या पत्त्यांच्या यादीच्या) सुरुवातीला ‘व्हीएन्व्ह/बिन’ जोडते आणि प्रॉम्प्ट बदलते. आत काही धड आहे का, हे ती तपासत नाही. फोल्डरचं नाव बदललंत किंवा ते दुसरीकडे हलवलंत तरी कंसातलं नाव तसंच येतं, आणि पाथमध्ये मात्र जुना, आता नसलेला पत्ता जातो. मग ‘पायथन३’ टाइप केलं की सिस्टिमचा चालतो. एन्व्हायर्नमेंटच्या पिप फाइलच्या पहिल्या ओळीतही पूर्ण पत्ता कोरलेला असतो; फोल्डर हलवल्यावर ‘बॅड इंटरप्रिटर’ येतो तो त्यामुळे.

त्यामुळे कुठलाही एरर आला की गुगल करण्याआधी दोन गोष्टी विचारा. पहिली: ‘टाइप -ए पायथन’. पाथमध्ये किती पायथन आहेत, कुठला पहिला आहे आणि मध्ये एखादं अलियास (कमांडचं टोपणनाव) बसलंय का, ते कळतं. टर्मिनल उघडताना चालणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये कुणीतरी कधीतरी पायथनचं अलियास टाकून ठेवलेलं असतं, आणि अलियास पाथच्याही आधी लागू होतं. अशा वेळी अ‍ॅक्टिव्हेट कितीही वेळा करा, उपयोग शून्य. दुसरी: पायथनच्या आत जाऊन ‘सिस.एक्झिक्युटेबल’, ‘सिस.प्रिफिक्स’ आणि ‘सिस.बेस_प्रिफिक्स’ छापा. प्रिफिक्स आणि बेस प्रिफिक्स वेगळे असतील तर तुम्ही खरंच एन्व्हायर्नमेंटमध्ये आहात. सारखे असतील तर प्रॉम्प्ट काहीही म्हणो, तुम्ही बाहेर आहात. आणि पिप नेहमी ‘पायथन -एम पिप’ असं चालवा. नुसतं ‘पिप’ म्हटलं की ते कुठल्या पायथनचं, हा प्रश्न उरतोच.

आता तुमचे पुढचे एरर.

‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ हा अडथळा मुद्दाम घातलेला आहे. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकू देत नाहीत, कारण उबुंटूची स्वतःची बरीच कामं त्याच पायथनवर चालतात. तुम्ही ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ सुडोशिवाय (म्हणजे अॅडमिनचे अधिकार न घेता) दिलंत, हे नशीब. त्यामुळे पॅकेजं ‘/युएसआर’मध्ये न जाता तुमच्या होममधल्या ‘.लोकल/लिब/पायथन३.१२’मध्ये गेली. ती तिथून काढा: ‘पायथन३ -एम पिप लिस्ट --युजर’ने यादी बघा आणि अनइन्स्टॉल करा (त्यालाही तोच पर्याय जोडावा लागेल). ठेवलीत तर उद्या तुमच्या लॉगिनमधून चालणारं पायथनचं एखादं सिस्टिम टूल उबुंटूच्या पॅकेजऐवजी तुमचं उचलेल, आणि तो घोळ शोधायला फार वेळ जातो.

याच्याच जोडीला एक सल्ला फिरत असतो: ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ने ‘/युएसआर/बिन/पायथन३’ परत जुन्या व्हर्जनकडे वळवा. हे करू नका. ‘एपीटी_पीकेजी’ मॉड्यूल सापडत नाही म्हणून कमांडी ओरडायला लागतात, कधी टर्मिनलची खिडकीच उघडत नाही. मग खरोखर फॉरमॅटची वेळ आली असं वाटायला लागतं.

‘इम्पइम्पोर्टर’चा एरर दिसायला भयंकर, अर्थ साधा. नंपायचा बराचसा भाग सीमध्ये लिहिलेला आहे, म्हणून ते प्रत्येक पायथन व्हर्जनसाठी वेगळं कंपाइल करून व्हील म्हणून ठेवलेलं असतं. व्हीलच्या नावात ‘सीपी३१०’, ‘सीपी३१२’ असा शिक्का असतो. नंपाय १.२२.४ आलं तेव्हा ३.१२ अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे ‘सीपी३१२’चं व्हील नाही. व्हील नाही म्हटल्यावर पिप सोर्स उतरवून तुमच्याच मशीनवर बांधायला घेतं. त्या बांधणीसाठी नंपायने सेटअपटूल्सचं (पॅकेजं बांधणाऱ्या टूलचं) एक जुनं व्हर्जन पक्कं केलेलं आहे, आणि ते पायथनमधली अशी गोष्ट मागतं जी ३.१२ मध्ये काढून टाकली. ऑक्टोबर २०२३ च्या त्या व्हर्जनने बरीच जुनी अडगळ एकदम बाहेर काढली: ‘डिस्टयुटिल्स’ गेलं, ‘इम्प’ गेलं, आणि नवीन व्हीएन्व्हमध्ये सेटअपटूल्स आपोआप येणंही बंद झालं. ‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’ किंवा ‘पीकेजी_रिसोर्सेस’ दिसलं की ओळखायचं, जुना कोड ३.१२ वर आलाय.

म्हणून पिप चालताना ‘बिल्डिंग व्हील’ किंवा टारजीझेड उतरवतंय असं दिसलं की तिथेच थांबा. बिल्ड-इसेन्शियल टाक, पायथन-डेव्ह टाक, जीसीसी बदल असा खेळ सुरू करू नका. नंपाय-पांडाजसारख्या पॅकेजचं व्हील मिळत नसेल तर तुमचं पायथन आणि पॅकेज यांची व्हर्जनं जुळत नाहीत, एवढाच निष्कर्ष काढा. त्या दोनपैकी एक बदला.

एक शॉर्टकटही पाहण्यात येतो: ‘लिब/पायथन३.१०’ची कॉपी ‘लिब/पायथन३.१२’ नावाने करायची. गंमत म्हणजे अर्धं चालतं. शुद्ध पायथनमधली पॅकेजं इम्पोर्ट होतात आणि माणूस खूश होतो. नंपायपाशी मात्र ‘सी-एक्स्टेन्शन्स फेल्ड’ येतं, कारण आतल्या ‘.एसओ’ फाइलींच्या नावातच ‘सीपायथन-३१०’ लिहिलेलं असतं आणि ३.१२ त्यांना हातही लावत नाही.

‘डेटाफ्रेम.अपेंड’ हा खरा व्हर्जनमधला बदल. पांडाज १.४ ने त्यावर इशारा द्यायला सुरुवात केली आणि २.० ने, एप्रिल २०२३ मध्ये, ते काढून टाकलं. व्हर्जनचे आकडे पुसल्यामुळे तुम्ही १.४ वरून थेट आजच्या पांडाजवर उडी मारलीत. त्या मुलाने आकडे लिहून ठेवले होते ते उगाच नव्हे.

आता दुरुस्ती. अहवाल आज हवाय, म्हणून कोडला हात लावायचा नाही, आधी ३.१० परत आणायचा, सिस्टिमच्या ३.१२ ला धक्का न लावता.

सगळ्यात आधी जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नेमकं काय होतं ते काढून घ्या. रिक्वायरमेंट्सची फाइल तुम्ही बदललीत, आणि तशीही त्यात सगळं असेलच असं नाही. जुनं फोल्डर अजून शाबूत आहे, तर बाहेरच्या पिपला त्याच्यावर सोडा: ‘पायथन३ -एम पिप फ्रीझ --पाथ व्हीएन्व्ह/लिब/पायथन३.१०/साइट-पॅकेजेस’. हे फक्त वाचतं, काही टाकत नाही, म्हणून कुठलीही अडवणूक होत नाही. प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन येईल. ते ‘लॉक.टीएक्सटी’ अशा फाइलमध्ये ठेवा. पिपही नसेल, तर त्या फोल्डरमध्ये ‘पांडाज-१.४.२.डिस्ट-इन्फो’ अशा नावाची फोल्डरं असतात, नुसती नावं वाचली तरी यादी होते. हे झाल्याशिवाय जुनं एन्व्हायर्नमेंट उडवू नका.

मग ३.१०. तीन वाटा आहेत. डेडस्नेक्सचं पीपीए (उबुंटूबाहेरचा पॅकेजांचा साठा) जोडून एपीटीने घेता येतो, तेव्हा ‘पायथन३.१०-व्हीएन्व्ह’ हे पॅकेजही घ्यायला विसरू नका, नाहीतर ‘एन्शुअरपिप नाही’ म्हणून अडेल. दुसरी वाट पायएन्व्ह, ते पायथन सोर्सपासून बांधतं. त्यासाठी ओपनएसएसएल, एसक्यूलाइट, एफएफआय यांची डेव्ह पॅकेजं आधी हवीत. नसली तर पायथन बांधला जातो, वरवर चालतोही, आणि आठवड्याने कुठेतरी ‘_सीटाइप्स नाही’ किंवा ‘_एसक्यूलाइट३ नाही’ असं निघतं. तिसरी वाट युव्ही (पायथन आणि पॅकेजं दोन्ही सांभाळणारं टूल), आणि तुमच्या जागी मी हीच घेईन. ‘युव्ही व्हीएन्व्ह --पायथन ३.१० व्हीएन्व्ह३१०’ म्हटलं की ते तयार बांधलेला ३.१० उतरवून तुमच्या होममध्ये ठेवतं. सिस्टिमशी संबंध नाही, त्यामुळे पुढच्या उबुंटू अपग्रेडमध्येही तो हलत नाही.

युव्हीची एक खोच सांगून ठेवतो, कारण माझ्याकडे येणारे अर्धेअधिक इथेच अडकतात. युव्हीने बनवलेल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप नसतं. अ‍ॅक्टिव्हेट करून तुम्ही ‘पिप इन्स्टॉल’ म्हणता, शेलला आत पिप सापडत नाही, तो पाथमधलं पुढचं उचलतो, म्हणजे सिस्टिमचं, आणि परत ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’. माणूस म्हणतो, मी तर एन्व्हायर्नमेंटमध्ये आहे! तेव्हा एकतर ‘युव्ही पिप इन्स्टॉल -आर लॉक.टीएक्सटी’ वापरा, किंवा बनवताना ‘--सीड’ द्या, मग पिप आत येतं.

नाव मुद्दाम ‘व्हीएन्व्ह३१०’ दिलंय. फोल्डर बघताक्षणी व्हर्जन कळतं.

पॅकेजं बसली की ‘पिप चेक’ चालवा, मग सिसचे ते तीन पत्ते छापून बघा, आणि मगच प्रोग्रॅम. इतकं करूनही भलतंच पॅकेज उचललं जात असेल तर ‘एको $पायथनपाथ’ करा. हे व्हेरिएबल भरलेलं असेल तर त्यातले पत्ते एन्व्हायर्नमेंटच्याही आधी शोधले जातात. एखाद्या जुन्या इन्स्टॉलरने बॅशआरसीमध्ये ओळ टाकलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसते.

शॉप फ्लोअरच्या पीसीला इंटरनेट देत नाहीत, असं अंबड-सातपूरच्या बऱ्याच कारखान्यांत असतं. तुमच्याकडेही तसं असेल तर ऑफिसच्या मशीनवर ‘पिप डाउनलोड’ करून व्हीलं पेनड्राइव्हवर न्या. उतरवणाऱ्या मशीनवर दुसरा पायथन असेल तर ‘--पायथन-व्हर्जन ३.१०’, ‘--प्लॅटफॉर्म मेनीलिनक्स२०१४_एक्स८६_६४’ आणि ‘--ओन्ली-बायनरी=:ऑल:’ हे तिन्ही द्यावे लागतात, नाहीतर भलत्याच व्हर्जनची व्हीलं घेऊन तुम्ही खाली जाल. तिथे ‘--नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स’ने बसवा.

शिफ्टचा अहवाल क्रॉनने (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीने) निघतो असं तुम्ही लिहिलंय. क्रॉनमध्ये अ‍ॅक्टिव्हेट करत बसू नका. एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पत्ता द्या, ‘/होम/.../व्हीएन्व्ह३१०/बिन/पायथन’, आणि पुढे स्क्रिप्टचा पूर्ण पत्ता. बस. अ‍ॅक्टिव्हेट ही माणसाच्या सोयीसाठी आहे. थेट पत्त्याने चालवलं तरी पायथन सीएफजी फाइल शोधून एन्व्हायर्नमेंट ओळखतोच. सुडोचंही तसंच. ‘सुडो पायथन३’ म्हटलं की सुडो स्वतःचा पाथ वापरतो आणि तुम्ही सिस्टिमच्या पायथनवर जाता. हाताने चालतं पण क्रॉनमध्ये चालत नाही, अशी तक्रार आली की मी पहिलं हेच बघतो.

सहकाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपबद्दल विचारलंय ते पटकन: ‘पीवाय --लिस्ट’ने कुठले पायथन आहेत ते बघायला सांगा, आणि ‘पीवाय -३.१० -एम व्हीएन्व्ह’ने बनवायला. ‘पायथन’ टाकल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल तर सेटिंगमधल्या अ‍ॅप एक्झिक्युशन अलियासमध्ये जाऊन ते बंद करायचं. तुमचं लिनक्सवरचं एन्व्हायर्नमेंट झिप करून त्याला पाठवू नका. लॉक फाइल पाठवा.

आणि व्हीएस कोड: टर्मिनलमध्ये एक इंटरप्रिटर आणि एडिटरमध्ये दुसरा, हे सर्रास होतं. ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’मध्ये जाऊन नव्या फोल्डरचाच पायथन निवडा. ज्युपिटर वापरत असाल तर कर्नल वेगळा नोंदवावा लागतो, सेलमध्ये ‘सिस.एक्झिक्युटेबल’ छापलं की खरं काय ते कळतं.

३.१० वर कायमचं राहता येणार नाही. प्रत्येक व्हर्जनला पाच वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात; ३.१०ची मुदत ऑक्टोबर २०२६ ची आहे. पण ३.१२ वर जायचं काम अहवाल सुरळीत निघायला लागल्यावर, सवडीने करा. आधी ३.१० वरच इशारे एरर म्हणून चालवा: ‘पायथन -डब्ल्यू एरर::फ्यूचरवॉर्निंग’. पांडाज १.४ तुमचे सगळे ‘अपेंड’ स्वतः दाखवून देईल. तिथे ‘कॉन्कॅट’ लिहा. मग शेजारी ‘व्हीएन्व्ह३१२’ बनवा, त्यात पांडाज २.२ आणि नंपाय १.२६. नंपायला ‘२ पेक्षा कमी’ अशी अट घाला, कारण जून २०२४ च्या नंपाय २.० ने कंपाइल झालेल्या जोडणीतच बदल केला आणि १ वर बांधलेली इतर पॅकेजं त्यावर कोसळतात. पायथन, पांडाज आणि नंपाय तिन्ही एकदम टोकाला नेलीत तर मोडलं कशामुळे हे सांगता येणार नाही.

जुना कोड चाळताना ‘सिस.व्हर्जन’ची पहिली तीन अक्षरं घेऊन तुलना केलेली आहे का, तेही बघा. ३.९ पर्यंत ते बिनतक्रार चालायचं. ३.१० पासून ती तीन अक्षरं ‘३.१’ होतात, आणि प्रोग्रॅमला वाटतं आपण पंधरा वर्षं जुन्या पायथनवर आहोत. यामल फाइलमध्ये अवतरणाशिवाय ३.१० लिहिलं की तेही ३.१ वाचलं जातं.

दोन्ही एन्व्हायर्नमेंटमधून त्याच सीएसव्हीवर अहवाल काढून ‘डिफ’ करा. राउंडिंगमध्ये किंवा तारखांच्या मांडणीत फरक दिसला तर तो क्वालिटीवाल्यांना आधी दाखवा, कारण टॉलरन्सच्या कडेवरचा पार्ट एका अहवालात पास आणि दुसऱ्यात रिजेक्ट झाला तर फोन तुम्हालाच येणार. फरक नसेल तर क्रॉनच्या ओळीत ३१०च्या जागी ३१२ करा, आणि जुनं फोल्डर महिनाभर तसंच पडू द्या.